पुढच्या फळीवरची जोडी

त्या राज्यात प्रत्येक कपाला बशी आणि प्रत्येक बशीला कप असावा लागे. एकट्या कपात दाढीचा ब्रश उभा करत, एकटी बशी कुंडीखाली जाई. याला कोणी शिक्षा म्हणत नसे, काळजी म्हणत.

निळ्या कपाचा जीव दुसऱ्या एका कपावर होता. त्या दुसऱ्याच्या काठाचा टवका उडालेला असल्यामुळे त्याच्या लग्नाची कोणाला घाई नव्हती. पिवळ्या बशीचा जीव एका पांढऱ्या बशीवर होता. निळ्याची आई, म्हातारी किटली, रोज वाफ सोडत म्हणे, "तुझी बशी पाहिली की मी भंगारात जायला मोकळी."

शेवटी निळ्याने आणि पिवळीने लग्न केले. आधी करार लिहिला. सणाला पुढच्या फळीवर एकत्र उभे राहायचे. एरवी मागच्या फळीवर त्याने टवक्याच्या कपाशेजारी राहायचे, तिने पांढरीसोबत. चौदा कलमे झाली. पहिल्याच सणाला किटलीने विचारले, "छोटी कपबशी कधी आणताय?"

"आई, सध्या फळीवर जागा कुठंय?" पिवळी म्हणाली. हे उत्तर कलम नऊमध्ये होते.

पुढच्या सणाच्या आदल्या दिवशी फळ्या झाडताना टवक्याचा कप खाली पडून फुटला. तुकडे उचलायचा हक्क फक्त जोडीदाराचा. केरसुणीने निळ्याला विचारले, "तुम्ही कोण यांचे?"

"शेजारी."

"मग जरा सरका."

शोकाचे कलम घालायचे दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुढची फळी भरली. समोर पितळेची वडीलधारी मंडळी बसली. किटलीने लेकाला काठोकाठ भरले. तो थरथरू लागला.

"हिंदकळू नकोस, सगळे बघतायत," पिवळी हळूच म्हणाली.

"जमत नाही गं."

"मग माझ्यात ओत."

तो कलंडला. जे होते ते सगळे तिच्यात उतरले, कढत, काठापर्यंत. तिने एक थेंबही बाहेर जाऊ दिला नाही.

पितळेची मंडळी हरखली. किटलीने झाकण सावरले आणि शेजारच्या बिनलग्नाच्या कपांकडे वळून म्हणाली, "बघा आणि शिका."