ओनुईचं ऊन पाणी

फार फार वर्षांपूर्वी, जपान देशाच्या डोंगरात, जिथं बर्फ हिवाळाभर उंबऱ्याशी ठाण मांडून बसतो, तिथं मिनासावा गावी ओताकी नावाची सासू राहायची आणि ओनुई नावाची तिची सून. मुलगा कुमाझो थंडी पडली की शहरात दारूच्या भट्टीवर कामाला जायचा, तो बर्फ वितळल्यावर परतायचा. तोवर घर या दोघींचं.

त्या गावात अंघोळ म्हणजे लाकडाचं मोठं पिंप आणि खाली चुलाणं. अंग बाहेरच घासून स्वच्छ करायचं आणि मग गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसायचं. एकच पाणी सगळ्यांना. सरपण वाचावं म्हणून शेजारची घरं पाळीपाळीनं पिंप तापवायची आणि बाकीचे पंचा घेऊन तिथं यायचे. आधी पाहुणे, मग घरची म्हातारी माणसं, आणि सगळ्यांच्या शेवटी त्या घरची सून. ती भिंतीपलीकडे चुलाण्याशी बसून आतल्याला विचारायची, "पाणी कसं आहे?" आतला म्हणायचा, "छान आहे." पाणी पोळो नाहीतर गोठो, छान आहे. कुरकुर करणं त्या मुलखात बरं दिसत नसे. सुनेची पाळी येईतो पाणी निवलेलं असे, आणि तिला विचारायला चुलाण्याशी कोणी नसे.

ओनुई दमली होती. एका दिवसाची दमणूक नव्हती ती. मागच्या दोन हिवाळ्यांत तिची दोन बाळं पोटातच गेली होती. आता तिसरं होतं, पण ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. हेही गेलं तर निदान कोणी समजूत घालायला येऊ नये, एवढंच. झऱ्यावरून पाणी आणायचं, लाकडं फोडायची, आणि हाडांत शिरलेला गारठा घेऊन तसंच निजायचं.

एका संध्याकाळी त्यांच्या घरची पाळी होती. पिंप तापलं. पाणी बघायला ओनुईनं हात बुडवला, आणि हात काही बाहेर निघेना. मग ती पाहुण्यांच्या आधी आत उतरली, असं म्हणतात. इतकी थकलेली, तरी अंग बाहेर घासून मगच उतरली. तेवढी रीत पाळली. आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

शेजारी आले. डोक्यावर पंचा टाकून योहेई म्हातारा सगळ्यांच्या पुढे.

"आत कोण आहे, वहिनी?"

ओताकीनं दार जरासं सरकवून पाहिलं. "सून आहे."

"आधी सून? मग आता मांजरालाही पहिलं ताट वाढा. आम्ही थांबतो ओसरीवर."

मागच्या बायका हसल्या. ओताकी करड्या स्वभावाची; आता ती सुनेला दंडाला धरून बाहेर काढणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण झोपेतही ओनुईचा हात पोटावर होता, तो तिनं पाहिला होता. ती भिंतीला वळसा घालून चुलाण्याशी गेली. जाळ विझत आला होता. गुडघे धरत ती खाली बसली.

"पाणी कसं आहे?"

ओनुई दचकून जागी झाली. सवयीनं 'छान' ओठांवर आलं. पण तेवढं खोटं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"गार आहे, आई."

असं त्या गावात कोणी कधी म्हटलं नव्हतं. बाहेरचं हसणं थांबलं.

"माझंही गारच असायचं," ओताकी म्हणाली आणि तिनं एक लाकूड आत सारलं. "भावजी, थांबा जरा. पोटुशीला उठवत नाहीत."

त्या एका लाकडावर पाणी हिवाळा सरेपर्यंत निवलं नाही, असं म्हणतात. सगळं गाव न्हाऊन गेलं तरी वाफ येतच राहिली. छपरावरचा बर्फ ओघळला, आणि चुलाण्यामागचं आलुबुखाराचं वठलेलं झाड भर थंडीत फुललं.

अजूनही मिनासावात त्या झाडाला पहिली कळी दिसली की त्या दिवशीचं पहिलं पाणी गावातल्या सगळ्यांत नव्या सुनेचं. सासू चुलाण्याशी बसते आणि विचारते. सुनेनं खरं सांगायचं. 'छान आहे' म्हणाली, तर पुन्हा विचारतात.

आणि ओनुईचं बाळ? भाताची लावणी आटोपता आटोपता झालं. मुलगी, चांगली गुटगुटीत. कुमाझो बापडा नुसता बघत राहिला. पहिल्या अंघोळीला ओनुईनं तिला पाण्यात धरलं, तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "पाणी कसं आहे?"

पोरीनं असा टाहो फोडला की योहेई हातातलं जेवण टाकून धावत आला.

"बरं झालं," चुलाण्यातलं लाकूड मागे ओढत ओताकी म्हणाली. "ही पहिल्यापासूनच खरं सांगतेय."