हाकेच्या डोहावर फेर का धरत नाहीत

खाली वळणावर काळं पाणी दिसतंय ना, तो हाकेचा डोह. गौरी विसर्जनाला बायका इथे ‘ये रे तारी’ म्हणतात. हो, तेच गाणं, ज्यावर तुम्ही लग्नात कंबर हलवता. इथे मात्र ते गुणगुणूसुद्धा नका. हसताय काय? म्हातारा झालोय, पण अजून चळलेलो नाही.

असे सांगतात, की हे गाणं म्हणजे एका सासुरवाशिणीची हाक आहे. माहेरी निघालेली पोर तिन्हीसांजेला इथे पाण्यात अडकली. डोंगरावर पाऊस झालेला, नदी चढत होती, आणि ती पलीकडच्या तारीला, म्हणजे होडीवाल्याला, बोलावत राहिली. तो आला नाही. ‘ये रे तारी, पाणी घोट्याला’, मग ‘गुडघ्याला’, मग ‘कमरेला’, असं ते गाणं म्हणूनच चढत जातं. गावच्या बायका ते उभ्याने, हळू, भेदरल्या गळ्याने म्हणायच्या.

येसाक्का ही त्यांची म्होरकी. गळा गोड, स्वभाव तिखट. एका वर्षी पलीकडच्या गावच्या बायकांनी चिडवलं, “तुमी गौर बोळवता की मयत?” तिला ते फार झोंबलं. तिने हातात हात घालून फेर धरायला लावला आणि गाणं ठेक्यावर घेतलं. शेजारी तिची नवी सून सगुण होती. फेर असा रंगला की काठाचं भान कोणाला राहिलं नाही.

‘कमरेला’ आलं आणि सगुण किंचाळली, “आत्याबाय, ह्यो हात कोनाचा?”

तिच्या डाव्या बाजूला एक पोर होती. नखशिखांत भिजलेली, कोणाच्याच ओळखीची नसलेली. आपल्या बुडण्यावर ठेका धरलेला ऐकून ती आली होती म्हणे. बाकीच्या हात सोडून पळाल्या. ती सगुणला पाण्यात ओढू लागली.

येसाक्काने सुनेचा हात सोडला नाही. तिने गाणं पहिल्यापासून धरलं, जसं म्हणायला हवं तसं. गळ्यात भीती मुद्दाम आणावी लागली नाही. ती पोर थांबली, रडू लागली, पण मूठ काही सोडेना. तेव्हा येसाक्काने सगुणची बोटं सोडवून तिथे आपला हात दिला. “चल बाय, मी येते सोबतीला.” दोघी गात गात आत गेल्या. ‘गळ्याला’ हे शेवटचं कडवं काठावर एकट्या सगुणने ऐकलं.

आजही इथे फेर नाही, ठेका नाही. ‘गळ्याला’ हे कडवं आलं की बायका गप्प होतात आणि सगळ्यांत वयस्कर बाई पाण्याकडे बघून हाक घालते. मायेने की धास्तीने, ते मी एकदा आईला विचारलं होतं. ती भराभर घराकडे चालू लागली. हाक एवढीच असते:

“येसाक्का, पोरीचा हात सोडू नको गो!”