एका जात्यावर दोघी

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात प्रभू येशूला मानणारी वीस घरं. सुगी झाली की ही मंडळी नव्या जोंधळ्याची भाकर करून येशूच्या आठवणीत एकत्र प्रभुभोजनाला बसायची. भाकरीचा मान दर वर्षी एका घराला. म्हणजे एकदा आलेली पाळी परत यायला वीस वर्षं!

त्या भाकरीची एक रीत होती. जिची पाळी, तिनं एकटीनं दळायचं नाही. जिच्याशी आपलं बिनसलंय, तिला बोलवायचं, जात्यापलीकडं बसवायचं आणि एक खुंटा दोघींनी धरायचा. कुणाशीच बिनसलं नसेल, तर मैत्रिणीला बोलवावं. तपासायला कुणी येत नसे.

तिथं सालोमी नावाची बाई राहायची. कामाला वाघीण, प्रार्थनेला पहिली, अन् जीभ अशी की बाभळीनं लाजावं. एकदा तिच्या मेंढवाड्यात लांडगा शिरला. अकरा मेंढ्या फाडून गेला. फाटक उघडं राहिलं होतं.

सालोमी भर पाणवठ्यावर धाकट्या जावेवर तुटून पडली. "या दीनानंच उघडं टाकलं! डोळे आहेत का कवड्या?"

दीनानं घागर उचलली आणि निघून गेली. त्यानंतर गावात तिच्याकडं कुणी मेंढरू राखायला दिलं नाही. भिंतीला भिंत लागून घरं, पण सात वर्षं दोघींत शब्द नाही.

आता खरं सांगू? फाटक कुणी उघडं टाकलं, ते सालोमीला पक्कं ठाऊक होतं. आजारी कोकराला पाला घालायला शेवटी आत गेली होती ती स्वतःच.

पुढं दिवस फिरले. सालोमीचा नवरा गेला. आधी कुणाच्या घरी मयत झालं की ती म्हणायची, "रडू नये, देवाची इच्छा." आता ती नुसती शेजारी बसायची, पाठीवरून हात फिरवायची. मग लेक दूरदेशी गेला, त्याची खबर येईना. तेव्हापासून तिनं दुसऱ्यांच्या लेकरांची उणीदुणी काढणं सोडलं. शेवटी एका सकाळी उजवा हातच लुळा पडला. चुलीला कुणाला शिवू न देणारी बाई, दुसऱ्या बाजूच्या शेजारणीकडून वेणी घालून घेऊ लागली आणि म्हणू लागली, "तुझे उपकार गं बाई."

गाव म्हणायचं, "सालोमी लोण्यासारखी झाली!" ऐकून तिला सुखाऐवजी टोचायचं.

त्या सुगीला तिची पाळी आली.

शेजारीण म्हणाली, "मावशी, मी येते दळायला. तुमचं आता कुठं कुणाशी भांडण? दीनाचं ते जुनं झालं."

सालोमीनं दळणाचं सूप जवळ ओढलं. आता कुठं गाव आपल्याला मानायला लागलं होतं. खरं बोललं, तर सगळं मातीत. तिनं डोळे मिटले. "प्रभू, नवरा नेलास, हात नेलास. एवढी अब्रू तरी राहू दे!" पलीकडं दीना अंगण झाडत होती, त्या खराट्याचा आवाज तेवढा येत होता.

सालोमी उठली.

"दीना, दळायला येतेस?"

दीनानं मान वर केली नाही. "मी कशाला? जात्याचं पण फाटक उघडं टाकीन."

"ते मी टाकलं होतं," सालोमी म्हणाली. "त्या संध्याकाळी. मीच."

दीनानं खराटा खाली ठेवला. "ठाऊक आहे. बघितलं होतं मी, आक्का."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि तुमच्याजवळ तोंडाशिवाय होतं तरी काय?"

सालोमी हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. हात धरून दीनानं तिला जात्यापाशी बसवलं.

खुंटा दोघींनी धरला. सालोमीचा डावा हात अडखळायचा, मग दीनाही हळू ओढायची. पीठ भरड पडलं.

प्रभुभोजनाला सालोमीनं सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. कुणी नाकं मुरडली, कुणी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी दीनाच्या दारात चार घरची मेंढरं उभी होती, आणि त्यांच्यामागं पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन सालोमी.

तात्पर्य: संकटं सगळ्यांनाच वाकवतात, पण वाकलेला माणूस आपली चूक कबूल करतो, तेव्हाच त्या वाकण्याची लीनता होते.