पळालेली नदी आणि चर्चचं दार

नदी पळाली! स्पेनच्या राजाने सरहद्दीवरच्या नदीकाठच्या माळावर धर्मप्रसाराचं मिशन काढलं, मातीचं चर्च उभारलं, रानातली माणसं आणून तिथे वसवली. आणि पुढच्याच पुरात नदीने पात्र बदललं. गेली ती थेट टेकडीपलीकडे! मका करपला. माणसं नदीमागे जायला निघत, पण शिपाई त्यांना दोराने बांधून परत आणत.

एक दिवस गव्हर्नर डॉन बाल्तासार पाहणीला आले. कोरडं पात्र पाहून कडाडले, "राजाची नदी तुम्ही जाऊच कशी दिलीत?"

पाद्री अन्सेल्मो चाचरू लागले. तेवढ्यात डोक्यावर घागर घेऊन टेकडी उतरणारी वस्तीतली पोर कासिल्दा म्हणाली, "सरकार, पळालेल्याला धरून आणणं तुमच्या शिपायांचं काम. माझ्या भावाला दिवस मावळायच्या आत आणलं! मग नदीलाच का सोडलं? दोर कमी पडला का?"

शिपायांना हसू आवरेना. गव्हर्नरांचे कान लाल झाले.

"फार जीभ चालते तुझी! मग ऐक. रविवारी मी चर्चचं दार उघडीन. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की ते नदीत भिजलं पाहिजे. नाहीतर सगळी वस्ती चांदीच्या खाणीत!"

"झालं समाधान?" घरी कासिल्दाची आई रडत म्हणाली. "आता खाणीत जाऊन बोल!"

कासिल्दा घराबाहेर पडली. भाऊ खाणीत गेला तर परत दिसायचा नाही. चर्चसमोर बसून ती नुसती बघत राहिली. मग ताडकन उठली.

"पाद्रीबाबा, भिंती हलायच्या नाहीत. पण दार?"

पाद्रीबाबांनी दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि झग्याच्या बाह्या वर सारल्या.

रविवारी गव्हर्नर आले. चर्चला नुसतं भगदाड!

"दार कुठाय?"

"टेकडीपलीकडे, सरकार. चला!" कासिल्दा म्हणाली.

नदीच्या अगदी काठावर, चौकट-उंबऱ्यासकट दार उभं होतं. आजूबाजूला ना भिंत, ना छप्पर.

"ही काय थट्टा?"

"हुकूम दाराचा होता, सरकार. भिंतींचं नाव तुम्ही काढलंच नव्हतं. उघडा ना!"

गव्हर्नरांनी दार ढकललं, रागाने पाऊल टाकलं आणि डुबुक! गुडघ्यापर्यंत पाण्यात!

मग पाण्यात उभे राहूनच गव्हर्नर खदखदून हसायला लागले.

"अगं पोरी, मी नदीला आणायला सांगितलं, तू मलाच नदीकडे आणलंस! माग, काय हवं?"

"आम्हाला इथे राहू द्या. आमच्या मर्जीने."

"दिलं!"

त्याच दिवशी मिशन मोडलं. नदीकाठची जमीन वस्तीला मिळाली, शिपाई गव्हर्नरांबरोबर निघाले.

"आणि पाद्रीबाबा, तुम्ही?" गव्हर्नरांनी विचारलं.

"मी इथेच राहतो," पाद्रीबाबा म्हणाले. "इथे मासे मिळतात!"