बांधावरची बिशपची पाटी

सांभाळून या, बांध निसरडा आहे. आणि ताई, त्या क्रुसाला टेकून फोटो नको. इथं कुणी टेकत नाही. जरा खाली बघा. वैशाखात बांधाआतलं सगळं खाजण, ही खाडीकाठची भातजमीन, भेगाळतं, पण क्रुसाखालचा हा हातभर चिखल कधी वाळत नाही. त्यावर बोटं उमटलीत ना? ती खाडीच्या बाजूनं उमटतात. गावात नवा बिशप आला की चर्चमध्ये जाण्याआधी त्याला इथं उतरावं लागतं, जोडे काढून, डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन. एकदोघांनी कां-कूं करून पाहिलं. गावानं बँडच वाजवला नाही!

हे पाद्री आन्सेलपासून चालत आलंय, असं सांगतात. फिरंग्यांच्या अमलातली गोष्ट. आन्सेल सिस्टर्शियन संघाचा संन्यासी. अंगात पांढरा झगा, बोलणं मोजकं आणि दिवसभर हातानं काम, हा त्यांचा नेम. त्या काळी दर मोठ्या उधाणाला बांधाला नेमकी इथंच खांड पडायची. खारं पाणी आत शिरलं की भात गेलं, मग वर्षभर उपास. शेवटी जाणत्यांनी तोंड उघडलं, बांध माणूस मागतोय. जिच्यामागं रडायला कुणी नाही अशी बाई त्यांनी शोधली. कातरीन नावाची विधवा.

पास्कू नावाच्या गड्यानं तिला ओढत आणली, तेव्हा आन्सेल कमरेएवढ्या पाण्यात खांडीत चिखल थापत होता. तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला म्हणे. "सोडा तिला! बांधाला माणूसच पाहिजे ना? मी आहे. जीव आहे तोवर ही जागा सोडणार नाही, हा माझा शब्द."

आणि नवल बघा, बांध टिकला! पुढं दर उधाणाला कातरीन पाटी भरून द्यायची, आन्सेल थापायचा. बोलणं काही नाही. दोघांचे केस पिकले, तरी नेम चुकला नाही.

मग गोव्याहून हुकूम आला, आन्सेलला बिशप नेमलंय. वरिष्ठांची आज्ञा मोडायची नाही, हीसुद्धा त्याची शपथच. इकडं आड, तिकडं विहीर. त्यानं मनाची समजूत घातली, ती शपथ देवापुढची. मातीला दिलेला शब्द तो काय शब्द? इथंच चुकला बिचारा. होडीत चढताना कातरीन एवढंच म्हणाली, "पाद्रीबाब, तुम्ही गेलात की बांध मला मागेल."

"देव राखील गं. येतो मी," तो म्हणाला, पण तिच्याकडं बघायची त्याला हिंमत झाली नाही.

गोव्यात थाटात अभिषेक झाला. तळहातांना पवित्र तेल लावलं, तर त्याला खाडीचा वास. जेवायला बसला, तर घास खारट. अंगठीखालून चिखल पाझरायचा; कितीही पुसा, पुन्हा आहेच. बाकीचे म्हणाले, हवा मानवली नसेल. त्याला मात्र ठाऊक होतं. भीतीनं पिसा झाला तो, आणि तशाच जरीच्या झग्यात त्यानं होडी गाठली.

भर दुपारी इथं उतरला, तर बांध शाबूत. त्याचा जीव भांड्यात पडला. सगळं गाव बांधावर उभं होतं, पण कुणी मान वर करेना.

"कातरीन कुठाय?"

तोच पास्कू, आता म्हातारा झालेला, रडत पुढं आला. "आम्ही नाही हो घातली तिला. खांड पडली तशी आपणहून उतरली. म्हणाली, पाद्रीबाबचा शब्द खोटा पडायला नको, टाका चिखल. आम्ही टाकला."

बिशप बांधाखाली पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागला. "कातरीन, आलो गं, आलो!" उधाण चढत होतं. उकरता उकरता त्याच्या ध्यानात आलं, तिला बाहेर काढायची तर बांध फुटणार, आणि तिचं मरण फुकट जाणार. हात थांबले. मग तेच हात चिखल थापायला लागले. लोकांनी दोर टाकला, त्यानं धरला नाही. पाणी डोक्यावरून गेलं, तरी थापल्याचा आवाज येत होता, असं म्हणतात.

आजही दुपारचं उधाण असलं की तो आवाज येतो; आमच्या बायका तेव्हा इकडं फिरकत नाहीत. आणि आजही पाटी ओतल्यावर बिशपला इथं कसलीच प्रार्थना म्हणायची नसते. वाकून एवढंच म्हणायचं, "कातरीन, आलो." मग सगळं गाव कान देऊन उभं राहतं. तिनं अजून एकालाही ओ दिलेली नाही.