अध्यक्ष तळ्याच्या मधोमध

सोसायटीचे अध्यक्ष खासनीसकाका यांनी घराला नवे सुरक्षा अ‍ॅप बसवले. मालकाचा फोन घरापासून लांब गेला की पहारा आपोआप सुरू, आणि मग घरात कोणी हलले की भोंगा. पण हा भोंगा रोज सकाळी दहाला, काका घरात असतानाच कोकलू लागला. त्या वेळी स्वयंपाकघरात कामाच्या कमलताई पोळ्या लाटत असायच्या. काकांनी सभेत फर्मानच काढले, “ही बाई बटणं दाबते. हिचा गेटपास रद्द!”

“अवो, माझे हात कणकेत असतात!” कमलताई रडकुंडीला आल्या. या सोसायटीतली त्यांच्या कामाची चारही घरं सुटणार होती.

“अ‍ॅप कधी चुकत नाही. माणसं चुकतात!” काकांनी टेबलावर मूठ आपटली.

शेजारची ऋजुता दचकून खुर्चीतून अर्धी उठली. आता उठलोच आहोत तर बोलावं, म्हणून म्हणाली, “काका, जरा फोन देता?” तिने अ‍ॅपमधली नोंद उघडली. “काल दहाला कुठे होतात?”

“कुठे म्हणजे? देवघरात! मध्येच वाजू नये म्हणून फोन लोखंडी कपाटात कोंडतो आणि पूजेला बसतो.”

“कपाटात सिग्नल धड मिळत नाही, मग फोन जागा अंदाजाने ठोकून देतो.” तिने नकाशा सगळ्यांपुढे धरला. “अ‍ॅप म्हणतं, काल दहाला तुम्ही पलीकडच्या तळ्याच्या मधोमध होतात. आता तुम्हीच सांगा काका, अ‍ॅप चुकलं, की पूजा सोडून तुम्ही पोहायला गेला होतात?”

काकांनी कमलताईंच्या गेटपासवर पुन्हा सही केली.