सुदामला घंटा वाजवायची होती

बोरखेडी गावात एक भोळा मुलगा राहायचा. त्याचं नाव सुदाम. आई म्हणाली, "दुधाकडे बघ," की सुदाम बघायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. सुदाम बघतच असायचा. वर आईला सांगायचा, "आई, पार उंबऱ्यापर्यंत गेलं बघ. मी नजर हलवली नाही."

त्याच्या आईचं नाव चंद्रभागा. तिच्या जिवाला एकच घोर. या पोराचं पुढं व्हायचं कसं?

सुदामच्या शाळेत पाण्याची टाकी नव्हती. तहान लागली की पोरं समोरच्या घरी पाणी मागायला जायची आणि तिकडेच रमायची. म्हणून मोठ्या बाईंनी ठरवलं, दर शनिवारी पटांगणात पोरांचा बाजार भरवायचा. घरून काहीतरी आणायचं, विकायचं, पैसे टाकीला द्यायचे. जो सगळ्यात जास्त विकेल त्याला बक्षीस म्हणून खोडरबर.

एकही पोरगं आलं नाही.

बाईंनी खोडरबर काढून पेन ठेवलं. दोन पोरं आली. त्यातलं एक बाईंचंच होतं.

शेवटी बाईंनी पोरांनाच विचारलं, "अरे, तुम्हाला हवंय तरी काय?"

मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्हाला सुटीची घंटा वाजवायचीय."

शाळेची घंटा पितळेची होती. ताटाएवढी गोल, जाड. शिपाईकाकांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या, "बरं. महिनाअखेरीला ज्याचे पैसे जास्त, तो घंटा वाजवणार. पण पैसे टाकीलाच जाणार."

झालं! सगळी शाळा बाजारात उतरली. घराघरांत आयांना फोडणीला कढीपत्ता मिळेना.

सुदाम धावत घरी आला. "आई, मला घंटा वाजवायचीय."

चंद्रभागेला वाटलं, हा काय विकणार? पण शाळेची घंटा त्यांच्या आळीपर्यंत ऐकू यायची. तिच्या मनात आलं, एकदा माझ्या पोरानं ती वाजवली, सगळ्या आळीनं ऐकली, म्हणजे कुणी त्याला खुळा म्हणणार नाही.

शेजारच्या गिरिजाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "अगं चंद्रा, घंटा राहू दे. दप्तर घेऊन घरी आला तरी मिळवलं."

चंद्रभागेनं शनिवारी सुदामला मेथीच्या जुड्या दिल्या. सुदाम त्या उन्हात मांडून बसला. दुपारपर्यंत मेथीनं माना टाकल्या. गाईनं हुंगली आणि तीसुद्धा पुढं गेली.

आई म्हणाली, "अरे राजा, मधून मधून पाणी शिंपडायचं. म्हणजे माल ताजा दिसतो."

"बरं आई," सुदाम म्हणाला.

पुढच्या शनिवारी आईनं पापड दिले. सुदाम तांब्याभर पाणी घेऊन बसला. गिऱ्हाईक आलं की शिंपडायचा. गिऱ्हाईक गेलं की शिंपडायचा. पापडांचा गोळा झाला आणि गोळ्याला माश्या लागल्या.

"अरे, पापडावर कुणी पाणी मारतं का?"

"तूच म्हणालीस, माल ताजा दिसतो."

आईनं कपाळाला हात लावला. "खायची वस्तू असली की आधी तुकडा मोडून द्यायचा. म्हणायचं, चाखून बघा, आवडलं तर घ्या."

"बरं आई."

आता चंद्रभागेनं खायची वस्तूच नको म्हणून गोवऱ्या दिल्या. म्हणाली, यात काय बिघडणार? नेमक्या मोठ्या बाईंच्या सासूबाई गोवऱ्या घ्यायला आल्या. सुदामनं गोवरीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला. "आजी, चाखून बघा. आवडली तर घ्या."

सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो घरी जाईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी चंद्रभागा रडकुंडीला आली. "अरे सोन्या, गोवरी का खातात? ती वाजवून दाखवायची. एकमेकींवर ठोकायच्या. खणखणीत वाजली म्हणजे वाळलेली. मग गिऱ्हाईक घेतं."

"बरं आई."

त्यानंतर आईनं अंडी दिली. शिपाईकाका आले. म्हणाले, "काय रे, चांगली आहेत का?"

"वाजवूनच दाखवतो की," सुदाम म्हणाला.

पहिलं अंडं वाजलं नाही. सुदामनं दुसरं घेतलं. तेही वाजेना. काका "अरे अरे" म्हणेपर्यंत पाटी रिकामी झाली. सुदाम म्हणाला, "काका, घेऊ नका. एकही वाळलेलं नाही."

घरी आल्यावर आई चिडली नाही. उरलाच होता एक शनिवार. तिनं सुदामला समोर बसवलं, त्याचे दोन्ही हात धरले. "नीट ऐक. पाणी शिंपडायचं नाही. चाखायला द्यायचं नाही. काही वाजवायचं नाही. गिऱ्हाईक ज्याच्यावर बोट ठेवेल ते द्यायचं आणि पैसे घ्यायचे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. येईल ना एवढं?"

"बरं आई."

शेवटच्या शनिवारी आईनं लिंबं दिली. पोरांना हुरूप यावा म्हणून बाईंनी घंटा खाली उतरवली होती. चिंचेनं घासून लख्ख केली होती. झेंडूची माळ घालून ती पटांगणात टेबलावर ठेवली होती. टेबलाशेजारी सुदामची पाटी होती. बाई म्हणाल्या, "सुदाम, इकडे लक्ष ठेव हं."

गिऱ्हाइकानं लिंबांवर बोट ठेवलं. सुदामनं दिली. दुसऱ्यानं पाटीवर ठेवलं. पाटी दिली. तिसऱ्याला सुदामच्या बुडाखालचं पोतं आवडलं. सुदाम उठला आणि पोतं दिलं.

मग सायकल घेऊन भंगारवाला आला. तो घंटेकडे बघत राहिला.

"ही पण द्यायचीय का रे?"

"बोट ठेवा," सुदाम म्हणाला.

त्यानं बोट ठेवलं.

"पितळ चांगलं आहे ना? वाजवून दाखव बरं."

"छे छे! माल वाजवायचा नाही. आईनं बजावलंय."

भंगारवाल्यानं नोटा मोजून दिल्या, घंटा पोत्यात घातली आणि जोरात पायडल मारलं. माळ तेवढी सुदामनं ठेवून घेतली. तिच्यावर बोट ठेवलं नव्हतं.

बाजार संपला. बाईंनी प्रत्येकाचे पैसे बघितले. सुदामच्या नोटा बघून चष्मा पुसला, परत बघितलं. "पोरांनो, सगळ्यात जास्त पैसे सुदामचे!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. शिपाईकाकांनी सुदामच्या हातात घंटेचा लाकडी हातोडा दिला. सुदाम हातोडा घेऊन उभा राहिला.

बाई म्हणाल्या, "वाजव की रे!"

"कशावर, बाई?"

"घंटेवर!"

"ती तर विकली, बाई. म्हणून तर पहिला आलो."

इकडे चंद्रभागा दारात कान देऊन उभी होती. घंटा काही होईना. तेवढ्यात समोरून मोठ्या बाई नोटा मुठीत धरून पळत गेल्या. त्यांच्या मागं शिपाईकाका. काकांच्या मागं अख्खी शाळा, "भंगारवाले, थांबा!" असं ओरडत. त्यात सुदाम तेवढा नव्हता.

चंद्रभागा तशीच शाळेत गेली. वर्ग रिकामा. सुदाम एकटा बाकावर बसलेला. गळ्यात झेंडूची माळ, मांडीवर हातोडा.

"अरे, सगळे गेले. तू इथं काय करतोस?"

"सुटी कुठं झालीय, आई? घंटा झाल्याशिवाय घरी जाता येत नाही."

चंद्रभागेनं त्याच्याकडं बघितलं. मग रिकाम्या पटांगणाकडं बघितलं. मग पदर खोचला, दारात उभी राहिली आणि मोठ्यानं ओरडली, "टण्! टण्! टण्!"

आळीपर्यंत ऐकू गेलं. सुदामनं दप्तर उचललं. म्हणाला, "आई, बक्षीस माझं होतं. तू का वाजवलीस?"